मायणीला गेलो, पक्षी दिसले नाहीत, काय चुकलं?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुम्ही तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. डिसेंबरातल्या एका रविवारी दोन्ही मुलांना आणि आईंना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या मायणीच्या तलावावर गेलात. पोचायला साडेअकरा झाले. धरणाच्या भिंतीवर तासभर थांबलात. चार बगळे आणि लांब पाण्यात काही काळे ठिपके, एवढंच दिसलं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकही नाही. धाकटी परतीच्या वाटेवर रडली. आता तुम्ही विचारताय, कोणत्या महिन्यात कोणत्या तलावावर गेलं की पक्षी हमखास दिसतील आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

दुर्बिणीचं सोपं आहे, शेवटी सांगतो. ‘हमखास’ या शब्दाशी मात्र आधी थोडं भांडावं लागेल. गेली २२ वर्षं मी खटाव, माण, खानापूर या पट्ट्यातल्या तलावांवर फिरतोय, शाळेतल्या मुलांना नेतोय. मुलांचा हिरमोड मी पुष्कळदा पाहिलाय आणि त्यामागचं कारण जवळपास दर वेळी सारखंच निघालंय. तुम्ही तलाव बरोबर निवडला होता. वेळ साधली नाही, तलावाची बाजू साधली नाही, आणि जे पक्षी समोर होते त्यांची ओळख करून द्यायला कोणी नव्हतं. ते काळे ठिपके वारकरी नावाचे पाणपक्षी होते, हे मी इथे बसून सांगू शकतो. ते जवळून बघायला मिळाले असते तर धाकटी हसत घरी गेली असती.

आधी जे आपल्या हातात नाही त्याबद्दल. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे सगळे तलाव पर्जन्यछायेच्या मुलखातले. इथं पाणी येतं ते बहुतेक परतीच्या पावसानं. एखाद्या वर्षी तलाव कोरडाठाक, तर एखाद्या वर्षी सांडव्यावरून पाणी. आपल्याला वाटतं, तलाव भरला म्हणजे पक्ष्यांची चैन. पण रोहितासारख्या पक्ष्याचं गणित उलटं आहे. तो पाण्यात उभा राहून, मान खाली घालून, चोच उलटी करून गाळातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगसुद्धा त्या खाण्यातूनच येतो. पाणी त्याच्या पायांच्या उंचीच्या वर गेलं की जेवणाचं ताट हाताला न लागणाऱ्या फडताळात ठेवल्यासारखं होतं. मग तो उथळ पाणी शोधत उजनीकडे किंवा आणखी कुठे निघून जातो. अलीकडे उपसा सिंचन योजनांचं पाणीही या भागातल्या तलावांत सोडलं जातं. शेतीला त्याचा मोठा आधार आहे, मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा आहे, त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल हे आता नुसत्या पावसावरून सांगता येत नाही. म्हणून ‘जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या, रोहित दिसतील’ असं जो खात्रीनं सांगतो, त्याचं ऐकून ६० किलोमीटर गाडी चालवू नका. निघण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी एकच गोष्ट विचारा: पाणी किती उतरलंय, गाळ उघडा पडलाय का?

साधारण हिशेब असा. ऑक्टोबरअखेरपासून पाहुणे यायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत बदकं भरात असतात: थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंबही याच दिवसांत. पाणी जसं ओसरतं तसा फेब्रुवारी-मार्चमध्ये चिखलातल्या पक्ष्यांचा मोसम येतो, तुतवार, चिखल्या, शेकाट्ये वगैरे. एप्रिल उजाडेपर्यंत पाहुणे बहुतेक गेलेले असतात. पाण्याप्रमाणे हे सगळं पंधरा-वीस दिवस मागंपुढं होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तुम्ही उभे होतात ती जागा. रस्ता भिंतीपाशी जातो म्हणून सगळे भिंतीवर थांबतात. पण भिंतीपाशी पाणी सगळ्यात खोल असतं. खोल पाण्यात पाणकावळे आणि वारकरी सोडले तर कुणाचं फारसं काम नसतं. पक्षी असतात ते तलावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं ओढा येऊन मिळतो, जिथं फुगवटा, म्हणजे भिंतीमागं पसरलेलं पाणी, संपतो. तिथं पाणी घोटाभर, गाळ मऊ, कडेला लव्हाळं, मधूनच बुडालेल्या बाभळीचं खोड. कुठल्याही तलावावर गेलात की पहिलं काम हे: भिंतीवर उभं राहून फुगवट्याचं टोक कुठं आहे ते बघायचं आणि मग काठापासून लांबून, वळसा घेऊन तिकडे जायचं. वाटेत गाळपेर केलेली असेल तर शेतकऱ्याला विचारून बांधावरून जा. ओसरलेल्या गाळात हरभरा, ज्वारी पेरलेली असते. ती त्यांची वर्षाची बेगमी आहे.

दुसरं म्हणजे ऊन. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी हवा, म्हणजे तलावाच्या पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं. सूर्याकडे तोंड करून बसलात तर समोर रोहित उभा असला तरी काळी आकृतीच दिसेल. साडेअकराला पाण्यावर चकाकी असते, हवा तापून थरथरते, पोट भरलेले पक्षी सावलीला किंवा पाण्याच्या मध्यात विसावतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साधारण सातला उगवतो. तुम्ही साडेसहाला काठावर बसलेले असायला हवं. बागेत फवारणीला जसं वारा सुटायच्या आत उठता, अगदी तसंच. वारा सुटला की इथलाही खेळ संपतो. सकाळ जमत नसेल तर दुपारी चारनंतर जा. रात्रीच्या मुक्कामाला थव्यानं येणारे बगळे आणि शराटी तेव्हाच दिसतात.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजूनही वाईट वाटतं. सुरुवातीच्या काळात सूर्याचीवाडीला पहाटे रोहितांचा एक लहान थवा दिसला. मी कॅमेरा घेऊन सरळ त्यांच्याकडे चालत गेलो. पन्नास-साठ पावलं गेलो असेन, सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, चालायला लागले आणि उडाले. नंतर चार दिवस त्या तळ्यावर एकही आला नाही. एक आजोबा म्हशी घेऊन तिथं होते. मला म्हणाले, “म्या रोज म्हशी घिऊन येतुय, मला कदी उडत न्हाईत. तू कशापायी गेलास त्यांच्याकडं?” त्या एका वाक्यानं मी शिकलो. म्हैस कडेकडेनं, थांबत, कुणावर नजर न रोखता चालते. माणूस सरळ चालत येतो, आणि सरळ येणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे पक्ष्याला जन्मतः कळतं.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. उजाडायच्या आधी जाऊन बाभळीच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसायचं आणि पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यायचं. पहिली २० मिनिटं काहीही घडत नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. त्यानंतर काठ पुन्हा जिवंत व्हायला लागतो. खाणारा पक्षी खाणं थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. तिथंच थांबा, नाहीतर दोन पावलं मागं या. कपडे मळकट, मातकट रंगाचे असू द्या. पांढरा शर्ट लांबूनही डोळ्यांत भरतो. अत्तर लावून जाऊ नका, जुन्या बांधकामांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर पाण्याची पातळी विचारून निघा, फुगवट्याच्या टोकाला जा, सूर्य पाठीशी घ्या, उजाडताना पोचा आणि बसा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. रोहित पाहुणा आहे, आला तर आनंद. पण ज्यांच्यासाठी बारा महिने तलावावर जावं ते आपले घरचे पक्षी वेगळेच आहेत, आणि मुलांना रमवायची ताकद त्यांच्यात आहे.

टिबुकली घ्या. दोन मुठींएवढा तपकिरी गोळा. पाण्यावर तरंगत असते आणि बघता बघता गडप. मुलांना सांगा, आता कुठं वर येईल ते बोटानं दाखवा. अर्धा तास कसा जातो कळत नाही. ती पाण्यावर तरंगतं घरटं बांधते आणि उठून जाताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून झाकून ठेवते. पिल्लं झाली की त्यांना पाठीवर घेऊन फिरते. पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस हे दृश्य गावतळ्यावरही दिसतं.

वारकरी अंगभर काळा, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र. टिळा लावल्यासारखं. उडायचं झालं की आधी पाण्यावरून धावत सुटतो, पाय पाण्यावर आपटत, आणि मग हवेत. त्यांची भांडणं बघण्यासारखी असतात. दोघं पाण्यावर मागं रेलून एकमेकांना लाथा मारतात.

हळदी-कुंकू बदक तुमच्या आईंना दाखवा. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी किती प्रेमानं बघितलं असेल! बदकं म्हटली की आपण परदेशी पाहुणे समजतो, पण हे इथलंच. इथंच जोडी करतं, इथंच पिल्लं वाढवतं.

वंचक, ज्याला आपल्याकडे ढोकरी म्हणतात, तो चिखलाच्या कडेला मातीचं ढेकूळ होऊन बसलेला असतो. तुमच्या पायाजवळून उडतो तेव्हा एकदम पांढरे पंख उघडतात आणि माणूस दचकतो. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत स्थिर राहतो आणि दगडासारखा खाली पडतो. आपला नेहमीचा निळा खंड्या तसं सहसा करत नाही, तो फांदीवरून किंवा तारेवरून झेपावतो. हा फरक एकदा दाखवला की मुलं तो आयुष्यभर विसरत नाहीत. कमळाची किंवा शिंगाड्याची पानं असलेलं तळं असेल तर कमळपक्षी शोधा. लांबलचक बोटांमुळे तो पानांवरून चालतो. त्याच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं ही बापाची कामं, मादी दुसरा नर शोधते. मी हे सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “सर, मग त्याला आईची आठवण कोण सांगतं?” मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि टिटवी. काठावर पाऊल ठेवलंत की सगळ्यांना वर्दी देणारी तीच. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचे चार खडे आणि खड्यांसारखीच दिसणारी अंडी. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस मोठा, असं आपले जुने शेतकरी मानतात. मी त्यावर पैज लावणार नाही, पण त्या समजुतीमुळे किती माणसं तिची अंडी लक्षपूर्वक बघतात आणि तुडवत नाहीत, हे मी बघितलंय. मार्च ते जून टिटवी किंवा शेकाट्या तुमच्या डोक्यावर ओरडत फिरायला लागला, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. पायाखाली बघत, आल्या वाटेनं मागं फिरा. उन्हात अंडी पाच-दहा मिनिटं उघडी राहिली तरी शिजू शकतात.

पक्ष्यांपलीकडचं जग चिखलात लिहिलेलं असतं. मोसम नसेल, पक्षी कमी असतील, तेव्हा मी मुलांना चिखल वाचायला लावतो. मुंगसाची छोटी पावलं, ससा बसल्याची जागा, पाणी प्यायला आलेल्या मोराची तीन बोटं, बांधावर खोकडाची विष्ठा आणि तिच्यात बोराच्या बिया. माळरानातले हे सगळे जीव या पाण्यावर येतात. कासवं ऊन खायला खोडावर चढतात. पाण्यातून मान वर काढून जाणारा दिवड बिनविषारी असतो, त्याला जाऊ द्या. पण भिंतीच्या उतारावर रचलेल्या दगडांमध्ये घोणस, नाग असू शकतात, तिथं मुलांना चढू देऊ नका. ओल्या गाळातही उतरू देऊ नका, वरून कडक दिसतो आणि आत मांडीपर्यंत पाय जातो. तुम्ही सांगलीचे असल्यानं मगरीची भीती विचारणारच. कृष्णेत भिलवडी, औदुंबर, हरिपूर या पट्ट्यात मगरी आहेत, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. तिथं पाण्याच्या कडेला बसून पक्षी बघायचं नाही, उंच घाटावरून किंवा पुलावरूनच बघायचं.

आता माझा तुम्हाला मनापासून सल्ला: पुढच्या वेळी मायणीला जाऊच नका. निदान लगेच नको. तुमच्या तालुक्यात सिद्धेवाडी आहे, अंजनी आहे. शिवाय ७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर लोकांनी पाटीनं माती वाहून बांधलेले पाझर तलाव आपल्याकडे गावोगावी आहेत. तुमच्या आईंनी किंवा त्यांच्या बरोबरीच्या कुणी तरी त्या कामावर घाम गाळला असेल. घरापासून १५ मिनिटांवरचं असं एक तळं निवडा आणि वर्षभर महिन्यातून एकदा जा. त्याच बाभळीखाली बसा. पाणी चढलेलं, उतरलेलं, आटलेलं बघा. जूनमध्ये पावश्या ‘पेरते व्हा’ ओरडत असेल, ऑक्टोबरात पहिला धोबी शेपटी हलवत आलेला असेल. मायणीला वर्षातून एकदा गेल्यावर जे कळतं त्याच्या कितीतरी पट जास्त एकाच तळ्याला बारा वेळा जाऊन कळतं. मी २२ वर्षांत जे शिकलो त्यातलं निम्मं माझ्या गावच्या नाव नसलेल्या तळ्यावर शिकलोय. मग मायणीला जाल तेव्हा ते काळे ठिपके ठिपके राहणार नाहीत.

मायणीबद्दल एक माहिती असू द्या. मायणी आणि आसपासच्या तलावांना २०२१ मध्ये ‘मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दर्जा मिळाला. संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितीत स्थानिक ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, म्हणजे हा परिसर राखण्यात गावकऱ्यांचाही हक्क आणि वाटा आहे. तिथं ड्रोन उडवू नका. आटलेल्या तळात गाडी घालू नका. एका फेब्रुवारीत फोटो काढणाऱ्यांची एक जीप गाळातून फिरलेली मी पाहिली. चाकोरीत चिखल्याचं एक जोडपं सैरभैर फिरत होतं. पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवू नका, वीण काळात त्यानं त्यांची फार दमछाक होते. जाळ्याच्या तुकड्यात किंवा मांजात अडकलेला पक्षी दिसला तर ओढाताण न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भाकरी-ठेचा खुशाल घेऊन जा, पण पक्ष्यांना काही टाकू नका. उष्ट्यावर कुत्री जमतात, आणि जमिनीवरच्या घरट्यांचा मोठा शत्रू सध्या कुत्रीच आहेत.

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लोक दहा, बारा, वीस पटीच्या मागं लागतात, पण पट वाढली की हाताची थरथरही वाढते आणि दिसणारा भाग अरुंद होतो. आठ पटीत मुलांना पक्षी लवकर सापडतो. धाकटीच्या हाताला ८×३२ हलकी पडेल. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून एक सकाळ वापरून बघा. दुर्बीण नसली तरी जाणं थांबवू नका. वही-पेन्सिल मात्र पाहिजेच. नाव माहीत नसेल तर आकार, चोच, पायांचा रंग आणि पक्षी काय करत होता हे मुलांना लिहू द्या, चित्र काढू द्या. नाव नंतर सापडतं. ५ ते १२ नोव्हेंबरला आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या वेळी जवळपासच्या पक्षिमित्रांबरोबर एक सकाळ घालवलीत तर माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

या रविवारी एवढंच करा. साडेसहाला तुमच्या जवळच्या तळ्यावर, पूर्वेच्या काठाला. मोठ्याकडे वारकरी मोजायचं काम द्या, धाकटीकडे टिबुकल्या. टिबुकल्या मोजणं कठीण आहे, एक बुडते आणि दुसरी वर येते, तिला तीन-चार वेळा मोजावं लागेल. किती भरल्या ते मला जरूर कळवा.